दम खात खात काचीगुडा

अक्काची वाक्यं लहान झाली, म्हणून मी हैदराबादला गेले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती काचीगुड्याला गेली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. आमच्या माहेरी तिच्या वाक्यांची ख्याती होती. ती ‘परवा काय झालं माहितीये का’ म्हणून सुरू करायची, वाटेत भाजीवाली, नणंदेची सासू, विजेचं बिल आणि कुणाचं तरी मोडलेलं लग्न गोळा करायची आणि पूर्णविराम न देता जेवायच्या ताटावर येऊन पोचायची. मी आयुष्यभर एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर बातम्या कापल्या. लांब वाक्य दिसलं की माझा हात आपोआप पूर्णविरामाकडे जातो. अक्काच्या वाक्यांना मात्र मी कधी हात लावू शकले नाही.

या दिवाळीत फोन केला तर अक्का म्हणाली, “बरी आहे.” मग थांबली. “आत्ताच जिना चढले.” पुन्हा थांबली. “मग करते.”

तीन वाक्यं आणि तीन पूर्णविराम. ही विरामचिन्हं माझ्या ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी मीही असंच बोलायला लागले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मला हृदयविकाराचा झटका आला, त्यातून वाचले, पण हृदयाचा पंप ढिला पडला. डॉक्टर त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात. नाव ऐकून माणूस अर्धा तिथेच खचतो. प्रत्यक्षात हृदय बंद पडलेलं नसतं, थकलेलं असतं. गोळ्या नीट घेतल्या, मीठ-पाणी सांभाळलं, तर त्याच्याबरोबर संसार करता येतो. फक्त दम लागतो. चालताना लागतो, चढताना लागतो, वाकून चप्पल घालताना लागतो. म्हणून मी दम खायला शिकले. मराठी भाषा या बाबतीत फार उदार आहे. आपण दम खातो, दम धरतो, दम देतोही. नवरा म्हणतो, तिसरा प्रकार मला आजाराच्या आधीपासून येतो.

“गल्लीच्या टोकाला जायला तुला बाकडं लागतं,” तो म्हणाला, “आणि निघालीस हैदराबादला. तेही एकटी.”

“हैदराबादला पण बाकडी असतील.”

“मी येतो.”

“तू आलास की अक्का तुझ्यासमोर पदर सावरून ‘छान आहे, छान आहे’ करत बसेल. मला ती खरी कशी आहे ते बघायचंय.”

संध्याकाळी तो चाकांची नवी बॅग घेऊन आला.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे आणि जे प्रवासाचा विचार करून सोडून देतात, त्यांच्यासाठी तयारीचं सांगते. निघण्याआधी डॉक्टरांना भेटले. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची ते त्यांनाच विचारलं, स्वतःच्या मनाने बदलली नाही. गोळ्या बॅगेत न ठेवता पर्समध्ये ठेवल्या, कारण बॅग बर्थखाली जाते आणि वाकलं की दम लागतो. तिकीट थ्री एसीचं, हजाराच्या आत. आमच्या वयाच्या बायकांना खालचा बर्थ बहुधा मिळतो, तरी तिकीट काढतानाच तसं सांगितलेलं बरं. जेवण घरचं, कमी मिठाचं. दशम्या आणि दही.

परभणीहून संध्याकाळी बसले, उशाला दोन उशा घेऊन झोपले आणि उजाडता उजाडता काचीगुड्याला उतरले. या स्टेशनाचे पांढरे घुमट मला फार आवडतात. आपण गाडीतून उतरून एखाद्या नवाबाच्या घरी आलोय असं वाटतं आणि तेवढ्यात चहावाला कोपर मारून जातो. घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ दिलं. फलाटावरच्या बाकावर बसले, गर्दी ओसरली, मग निघाले. माझ्या प्रवासाचा हा एकमेव नियम आहे. दम लागल्यावर बसायचं नाही, लागायच्या आधी बसायचं.

रिक्षावाल्याने दीडशे मागितले. ॲपवर सत्तर दिसत होते. शंभरावर तडजोड झाली. बॅग आत ठेवून तो म्हणाला, “आराम से बैठो अम्मा, कैकू जल्दी? काचीगुडा इच है, कहीं जाता नहीं.” हैदराबाद मला याच सुरात भेटतं दरवेळी.

अक्काचं घर स्टेशनच्या मागच्या जुन्या वस्तीत आहे. सासऱ्यांनी बांधलेलं. ते निजामाच्या काळात वकील होते. खाली भाड्याने मूर्ती गारू (गारू म्हणजे आपलं ‘राव’) या म्हाताऱ्या ऑडिटरचं ऑफिस, वरच्या मजल्यावर अक्का एकटी. जिना दगडी आणि उंच पायऱ्यांचा, मध्ये एक वळण. मुलगा शिरीष मियापूरला राहतो, मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला, अकराव्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे, जनरेटर आहे, खाली बाग आहे. “आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये मला नावाने हाक मारणारं एक माणूस नाही,” असं अक्का म्हणते.

ती दारात उभी होती. मी वळणावर बसून, मग वर आले. तिने माझ्या गालांवर हात फिरवला आणि म्हणाली, “वाळलीस गं नलू.” तिचा चेहरा भरला होता. पहिल्या नजरेला वाटलं, वा, तब्येत सुधारली. डेस्कवर म्हणायचो, पहिली नजर मथळ्यासाठी ठीक, बातमी दुसऱ्या नजरेला कळते. दुसऱ्या नजरेला तिचे पाय दिसले. घोटे दिसतच नव्हते.

दुपारी जेवण झालं. तिने केलेलं कारलं मी खाल्लं, लोणच्याच्या बरणीला नमस्कार केला. मग जुन्या सवयीने आम्ही दोघी पलंगावर आडव्या झालो. लहानपणी अशाच झोपायचो, तिच्या पोटावर माझा पाय. दोनच मिनिटं झाली असतील, अक्का खोकत उठून बसली.

“काय झालं?”

“काही नाही. मी खुर्चीतच झोपते हल्ली. टीव्ही बघता बघता लागतो डोळा.”

आरामखुर्चीत तीन उशा रचलेल्या होत्या आणि त्यांना तिच्या पाठीचा आकार आला होता.

“अक्का, हा खोकला कधीपासून?”

“दमा आहे गं. आईचा. तुला आईच्या पाटल्या मिळाल्या, मला दमा.” ती हसली. हसतानाही मध्ये थांबावं लागलं. “गल्लीतल्या डॉक्टरने श्वासाचा पंप दिलाय. अडुळसा घेते. हिवाळा गेला की जाईल.”

आईला दमा होता हे खरं. त्यामुळे आमच्या घरात कुणालाही धाप लागली की उत्तर तयार असतं. पण आईला आडवं झाल्यावर उठून बसावं लागे तेव्हा तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. पाय मात्र काडीसारखे होते. मी डॉक्टर नाही. फक्त जे माझ्या स्वतःच्या शरीरात घडून गेलं ते समोर दिसत होतं. सुजलेले पाय, रचलेल्या उशा, तुटणारी वाक्यं.

“एकदा हार्टच्या डॉक्टरला दाखवूया,” मी म्हणाले.

अक्काने झटकन दाराकडे पाहिलं, जणू कुणी ऐकत होतं.

“तो शब्द या घरात काढू नकोस.”

“का?”

“दमा आहे म्हणून शिरीष गप्प आहे. दमा म्हणजे काय, आजीला पण होता, आईला पण आहे. हार्ट म्हटलं की…” ती थांबली. श्वास घेतला. “हार्ट म्हटलं की तो रविवारी टेम्पो घेऊन येईल. मला अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवील. तिथून मी खाली येते ती थेट आडवीच.”

आता कळलं, ती दम्याला एवढी का धरून होती. दमा तिचा आजार नव्हताच, तिचा घरमालकीचा दाखला होता.

“पाहुणी म्हणून आलीस का इन्स्पेक्टर म्हणून?” तिने विचारलं.

“बहीण म्हणून.”

“मग चहा कर. आणि साखर नीट घाल. मीठ बंद असेल तुझं, साखर नाही ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, चल, तुला हैदराबाद दाखवते. पन्नास वर्षांत मला कितीतरी वेळा दाखवलेलं हैदराबाद. मी हो म्हणाले. कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात गेलो. संगमरवरी टेबलं, पेपर वाचणारे म्हातारे, गल्ल्यावर झोपाळलेले मालक. वेटर म्हणाला, “चाय दम पे है अम्मा, थोडा टाइम देव.”

अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, “घे. चहालाही दम लागला.”

आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पेपर खाली केला. इथे चहाचं पाणी झाकण लावून मंद आचेवर मुरत ठेवतात, त्याला दम देणं म्हणतात. घाई केली की चव येत नाही. चहा आला. दाट, तांबूस, वीस रुपयांना कप, बरोबर उस्मानिया बिस्किटं. बिस्किटात मीठ असतं, म्हणून मी अर्धंच घेतलं. अक्काने नेहमीसारखा चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली.

“थांब,” मी म्हणाले. “हेच. असंच.”

“काय असंच?”

“मला फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलंय. दम लागला की नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. बशीतला चहा फुंकल्यासारखा. घ्यायला जेवढा वेळ, त्याहून जास्त सोडायला.”

“म्हणजे पैसे देऊन चहा प्यायला शिकलीस.”

“हो. आणि पुढे थोडं वाकून, हात टेबलावर टेकून. खांदे सोडायचे.”

अक्काने बशीवर पुन्हा एक लांब फुंकर घातली. मुद्दाम, मला चिडवायला. पण मग अजून एक घातली आणि ती चिडवायला नव्हती.

तिथून सुलतान बाजार. रिक्षाने गेलो. ज्यांना चालवतं त्यांनी मेट्रोने जावं, स्टेशन अगदी बाजारात आहे आणि लिफ्ट आहे. बाजारात पाऊल ठेवलं की साड्या, बांगड्या, पुस्तकं, पिना, परकर सगळं एकदम अंगावर येतं. आम्ही कापडाच्या प्रत्येक तिसऱ्या दुकानात गेलो, कारण कापडाच्या दुकानात बसायला मिळतं. मी एक ब्लाउजपीस घेतला, बाकी ठिकाणी नुसतीच बसले. दम खायला जागा हव्या असतील तर बायकांचा बाजार निवडा. साड्या उलगडून दाखवणारा माणूस तुम्हाला कधीही उठवत नाही.

अक्काला चपला घ्यायच्या होत्या. पायातल्या आवळत होत्या. ओळखीच्या दुकानदाराने तिच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, “अम्मा, पिछली बार बी नंबर बढाके लेके गए आप. पावां बढरे क्या?”

“पावां नहीं बढरे,” अक्का म्हणाली, “तुम्हारे चपलां सिकुडरे.”

दुकान हसलं. मी नाही हसले. अक्काने माझ्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यात मोठ्या नंबरची चप्पल घेतली आणि बाहेर आली.

घरी परतलो तेव्हा ऊन वर आलं होतं. जिन्याच्या वळणापर्यंत आम्ही दोघी पोचलो आणि तिथेच बसलो. मी हात गुडघ्यांवर टेकले, पुढे वाकले, बशी फुंकायला लागले. अक्काही फुंकत होती. दोन म्हाताऱ्या बहिणी जिन्याच्या मध्यावर, वर जाता येत नाही, खाली जाता येत नाही, दोघींचे ओठ शिट्टी वाजवल्यासारखे. खालून मूर्ती गारू डोकावले. “अय्यो,” म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने ऑफिसातल्या दोन खुर्च्या जिन्यापर्यंत आणल्या. “कूर्चोंडि, कूर्चोंडि.” बसा, बसा. खुर्च्या वळणावर मावत नव्हत्या. ते त्या धरून खालीच उभे राहिले.

थोड्या वेळाने माझा श्वास जागेवर आला. मी मान वर केली. अक्का अजून फुंकत होती. मी वाट पाहिली. मूर्ती गारूंनी वाट पाहिली. खालच्या ऑफिसातला पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता. अक्काचे ओठ नेहमीच्या रंगाचे नव्हते.

मग ती हळूच म्हणाली, “तुझा दम परत येतो, नलू.”

“हो.”

“माझा…” श्वास. “येत नाही.”

मी तिचा हात धरला. या वेळी आग्रह करायचा नाही हे मला कळलं. तिला एक वाट द्यायची होती.

“अक्का, मला जरा अस्वस्थ वाटतंय. दवाखान्यात जाऊन दाखवून येते. तू येशील का सोबत?”

तिने माझ्याकडे पाहिलं. ती मला माझ्या जन्मापासून ओळखते.

“सोबत येईन,” ती म्हणाली. “पण मराठी डॉक्टर नको. संध्याकाळपर्यंत सगळ्या गोतावळ्यात बातमी होईल.”

हैदराबादची मराठी माणसं अशी. शहर एवढं मोठं, आणि खोकला कुठेही काढला तरी हळदीकुंकवाला पोचतो.

मूर्ती गारूंनी गाडी बोलावली. हृदयविकाराचं एक हॉस्पिटल जवळच होतं. तिथल्या तातडीच्या विभागात एक तरुण नर्स होती, केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा. तिने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. एक वाळलेली, एक सुजलेली, दोघी घामेजलेल्या.

“पेशंटु एवरु?” तिने विचारलं. पेशंट कोण?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काने हात वर केला. शाळेत वर करतात तसा.

“नेने,” ती म्हणाली. मीच.

नर्सने तिला खुर्चीत बसवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. “आयासम् उंदा अम्मा?”

मला तेलुगू येत नाही. पण तो शब्द कानावर पडला आणि मी दचकले. आयास. आपण म्हणतो ना, सायास, आयास, अनायास. तेलुगूत धाप लागण्याला आयासम् म्हणतात. दम नाही, दमा नाही. नुसते कष्ट. श्वास घेण्याचे कष्ट.

“उंदि,” अक्का म्हणाली. आहे. आणि मग जे तिने मला, मुलाला, गल्लीतल्या डॉक्टरला मराठीत कधी सांगितलं नव्हतं, ते तिने त्या पोरीला तेलुगूत सांगायला सुरुवात केली. “मेट्लु एक्किते वस्तुंदि. पडुकुंटे इंका एक्कुव.” थांबत, श्वास घेत. पण सांगत राहिली. नर्स मान डोलवत लिहीत होती आणि एका हाताने अक्काची पाठ चोळत होती.

“काय सांगितलंस?” मी नंतर विचारलं.

“जिने चढले की येतं. आडवी झाले की जास्त.” मग थोडं थांबून, “आणि रात्री एकटीला भीती वाटते म्हणाले.”

मराठीत तिला या गोष्टीसाठी एकच शब्द होता. त्या शब्दात आई होती, अडुळसा होता, शिरीष आणि टेम्पो होता. परक्या भाषेतला शब्द रिकामा होता. त्यात तिला स्वतःचं दुखणं ठेवता आलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, हळू बोलणाऱ्या. त्यांनी हैदराबादी हिंदीत सांगितलं, दमा नाही, हृदयाचा पंप कमजोर आहे आणि फुप्फुसात पाणी साठतंय. ॲडमिट करावं लागेल, पाणी काढायची औषधं शिरेतून द्यावी लागतील. “अच्छा हुआ आज आए,” म्हणाल्या. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आडवं झाल्यावर जीव घाबरतो, पाय सुजतात, अचानक वजन वाढतं असं होत असेल, तर घरातल्या जुन्या आजारावर ढकलू नका, दाखवा. आणि बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर दिसले, तर आमच्यासारखं कारण शोधत बसू नका, सरळ निघा.

मी परतीचं तिकीट रद्द केलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “तू बरी आहेस ना? गोळ्या आहेत ना? मग रहा.” आणि मग, “बाकडी आहेत का तिथे?”

शिरीष धावत आला, बरोबर त्याची मुलगी मैत्रेयी. नोकरी करते, मराठी बोलते, पण मराठीत लिहिलेला मेसेज आला की मला फोटो पाठवून विचारते, मावशीआजी, इसमें क्या लिखा है. शिरीषने आईचे पाय पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

“आई, बस झालं. इथून सरळ मियापूर. मी ऐकणार नाही.”

अक्काने डोळे मिटले. उशीवर तिचा चेहरा लहान दिसत होता. मला त्या मुलाचा राग आला नाही. घाबरलेला माणूस आधी टेम्पोच ठरवतो.

“शिरीष,” मी म्हणाले, “डॉक्टरांनी काय काय कमी करायला सांगितलं?”

“मीठ. पाणी. जिने.”

“काचीगुडा सांगितलं का?”

“मावशी, पण वर-खाली कोण करणार? जिना आहे ना तो!”

मैत्रेयी पलंगाच्या कडेला बसून अज्जीच्या केसांची वेणी घालत होती. ती मान न वळवता म्हणाली, “कैकू इतका टेन्शन, बाबा? ऑफिस ऊपर, अज्जी खाली. सिंपल आहे.”

इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण वरचा मजला घरमालकाचा, हे सासऱ्यांच्या काळापासून ठरलेलं होतं.

संध्याकाळी मूर्ती गारू नारळाचं पाणी घेऊन आले. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अक्काला द्यायचं नाही, मला माझ्या डॉक्टरांची परवानगी होती, म्हणून मीच प्यायले, माझ्या दिवसाच्या पाण्यातून वजा करून. अदलाबदलीचं ऐकून ते हिंदीत म्हणाले, “माझे क्लायंट तरुण आहेत, चढतील. मी चढेन, मला कुठे रोज जायचंय?” मग अक्काकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि ती हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, आता घरमालकाचा मजला त्यांचा, पाणीही त्यांच्या डोक्यावरच्या टाकीतून येईल, तेव्हा भाडं मी द्यायचं.”

शिरीष खिडकीशी उभा होता. “उन्हाळ्यापर्यंत बघू,” म्हणाला. अक्काने डोळे उघडले. “उन्हाळ्यापर्यंत,” तिने मान्य केलं, जणू उन्हाळा म्हणजे शंभर वर्षं.

काही दिवसांनी ती घरी आली तेव्हा फायली वर गेल्या होत्या आणि पलंग खाली आला होता. घोटे पुन्हा दिसायला लागले होते. नव्या चपला तिला मोठ्या होत होत्या. त्या तिने पुसून खोक्यात ठेवल्या. “तो आता म्हणेल, पावां घट गए क्या.” औषधांची वेळ मैत्रेयीने तिच्या मोबाइलमध्ये लावून दिली. रोज सकाळी वजन करायचं हे मी दोनदा बजावलं. तिने दोन्ही वेळा “हौ, हौ” म्हटलं.

निघायच्या सकाळी आम्ही पुन्हा इराण्याकडे गेलो. चालत, वाटेत दोनदा थांबून. चहा एकच, दोघींत अर्धा अर्धा. मला स्टेशनवर सोडायला ती आली नाही, हट्टही केला नाही. दारातच खुर्ची टाकून बसली आणि रिक्षा वळेपर्यंत हात हलवत राहिली. खालच्या मजल्याचा हा फायदा. निरोप देणारं माणूस शेवटपर्यंत दिसतं.

आता परभणीत आहे. लोक विचारतात, हैदराबादला काय पाहिलंस? चारमिनार नाही, गोवळकोंडा नाही. गोवळकोंड्याला चढायची माझी टाप नाही. बाकं पाहिली, कापडाची दुकानं पाहिली, एक जिन्याचं वळण पाहिलं. खर्च ठरवल्यापेक्षा बराच जास्त झाला. माझी बिरयानी राहिली. तीही दमाचीच म्हणे, आणि मिठाने भरलेली. पण मी एकटीने गेले आणि एकटीने आले, दम लागायच्या आधी बसत बसत. हे जमतं, एवढं मला आता ठाऊक आहे. आणि आजार कुणालाही सांगायचा तर त्याला आधी एक रिकामा शब्द द्यावा लागतो, हेही. मला तो शोधून देता आला नसता. तो शब्द नर्सकडे होता.

रोज सकाळी फिरताना मी अक्काला फोन करते. चालताना बोलता आलं पाहिजे, म्हणजे वेग बरोबर, हा आमचा दोघींचा नियम. ती अंगणात, मी गल्लीत. काल तिने उचलला आणि सुरू झाली, “परवा काय झालं माहितीये का, ती पलीकडची अंबरपेठवाली आली होती, तिच्या सुनेच्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि मुलगा म्हणे अमेरिकेला असतो, पण मूर्ती गारू सांगत होते की तो त्यांच्या क्लायंटच्या भाच्याचा मित्र आहे आणि अमेरिकेला बिमेरिकेला काही नाही, इथेच गचीबावलीला असतो, आणि त्यावरून आठवलं, मैत्रेयीने मला खालच्या खिडकीला जाळी बसवून दिली ना, त्यातून आता येणारा जाणारा प्रत्येक माणूस हाक मारतो, भाजीवाला तर…”

मी गल्लीच्या टोकापर्यंत पोचले. माझं बाकडं आलं. वाक्य चालूच होतं. मी बसले आणि ऐकत राहिले. मध्येच ती थांबली. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला, लांब, ओठांतून सुटणारा.

“अक्का? दम लागला का?”

“नाही गं,” ती म्हणाली. “चहा आहे बशीत.”